दारू सोडवायचा अर्ज कोणत्या कोर्टात करायचा?

वडप्याला एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले होते. गेलेला माणूस चाळिशीच्या आतला, गोडाऊनमध्ये माल भरण्या-उतरवण्याचे काम करणारा. त्रिसरण-पंचशील झाले. भन्तेजींनी अनित्यतेवर चार शब्द सांगितले. मग एकेक कार्यकर्ता उठून आदरांजली वाहू लागला. माणूस मनमिळाऊ होता, जयंतीच्या वर्गणीत कधी मागे राहिला नाही, असे सगळेच बोलले. छापील पत्रिकेवरही लिहिले होते, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. मंडपात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते की आजार अल्पसा नव्हता. बारा वर्षांचा होता. शेवटच्या वर्षी पोट पाण्याने भरले, डोळे हळदीसारखे झाले, रक्ताच्या उलट्या झाल्या. पण 'दारू' हा शब्द त्या मंडपात कोणाच्याही तोंडून निघाला नाही. पाचवे शील मात्र सर्वांनी एका सुरात म्हटले होते.

भोजनदान झाल्यावर पस्तिशीची एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाली, "वकीलताई, मला सोडचिठ्ठी नको. पोटगीपण नको. माझ्या मालकांची दारू सोडवायची आहे. त्याचा अर्ज कोणत्या कोर्टात करायचा?"

मी वकिलीत अठरा वर्षे काढली. मारहाणीचे, पोटगीचे, घटस्फोटाचे शेकडो अर्ज लिहिले. पण हा अर्ज मला लिहिता येत नाही, कारण तो कोणत्याच कायद्यात नाही. ती बाई मूर्ख नव्हती. तिने अगदी नेमका प्रश्न विचारला होता. नवऱ्यापासून सुटण्याचे मार्ग कायद्याने तिला दिले आहेत. नवऱ्यावर जीव आहे, त्याला सोडायचे नाही आणि त्याची दारूही सहन करायची नाही, असे म्हणणाऱ्या बाईने कोणाकडे जायचे? सरकारकडे, कोर्टाकडे, डॉक्टरकडे की चळवळीकडे? या प्रश्नाचे उत्तर आपण एक समाज म्हणून दिलेले नाही.

प्रथम वडपे कोठे आहे ते पाहू. मुंबई-नाशिक महामार्गावरचे भिवंडी तालुक्यातील हे गाव. जवळच लोनाडची बौद्ध लेणी आहे. आसपास कोठेही नजर टाका, पत्र्याची अवाढव्य गोडाऊन दिसतात. मुंबईकराने मोबाईलवर बोट दाबले की त्याच्या दारात येणारा माल याच पट्ट्यातून निघतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूरचा रस्ता येथे शेजारी येऊन टेकला. जमिनीचे भाव आकाशाला भिडले. पण ज्याच्या पाठीवर हा सगळा माल चढतो-उतरतो त्याच्या वाट्याला कोणती समृद्धी आली? ठेकेदाराकडची नोकरी, बारा बारा तासांची पाळी, रात्रीचे काम आणि दुखणारे अंग. भिवंडीचे यंत्रमाग बंद पडू लागले तसे कित्येक कामगार इकडे हमालीला आले. अंग दुखते म्हणून पहिली क्वार्टर, झोप येत नाही म्हणून दुसरी आणि सकाळी हात थरथरतो म्हणून तिसरी. व्यसन असेच चढत जाते. ते एका दिवसात लागत नाही आणि एका शपथेने सुटत नाही.

महामार्गावरच्या दारूचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १५ डिसेंबर २०१६ रोजी न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल दिला. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटरवर आले. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका-महापालिकांची हद्द त्यातून सुटली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायत हद्दीतील भाग पुरेसा विकसित झाला आहे का, हे ठरवण्याचे काम राज्य सरकारांकडे आले. ज्या राज्याची तिजोरी दारूवर भरते, त्यानेच दारूचे दुकान कोठे असावे ते ठरवायचे! सव्वा वर्षात बंदीला किती भोके पडली, ते यावरून समजावे.

तिजोरीचे म्हणाल तर १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले. त्यातून १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल मिळेल, असा सरकारचा अंदाज होता. देशी दारूच्या १८० मिलिलिटर बाटलीची किमान किंमत त्यावेळी ८० रुपये ठरली. दर वाढला म्हणून ज्याला व्यसन आहे तो पिणे कमी करीत नाही. तो घरातला किराणा कमी करतो. म्हणजे हा वाढीव कर शेवटी पोरांच्या दुधातून आणि बायकोच्या औषधातून वसूल होतो. एकीकडे भारतीय संविधानाचे ४७ वे कलम सांगते की मादक पेयांच्या सेवनास बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा. दुसरीकडे पिणारा हा अर्थसंकल्पातील जमेची बाजू बनतो.

आणि उपचाराचे काय? केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून देशव्यापी पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात दारू पिणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी आणि दारूमुळे मदतीची गरज असलेले साधारण पावणेसहा कोटी, असे त्यात म्हटले आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसला तरी उपचार मिळतो. दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक. उरलेल्या १७९ जणांचा दवाखाना कोणता? त्यांची बायको. तीच परिचारिका, तीच पहारेकरी, तीच सावकाराला तोंड देणारी आणि तीच मार खाणारी. या देशातील सर्वात मोठे व्यसनमुक्ती केंद्र बिनपगारी आहे आणि ते घराघरातल्या चुलीपाशी चालते.

नशा दारूचीच राहिली आहे असेही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने भिवंडीतील एका सदनिकेतून सुमारे ८०० कोटी रुपयांचे द्रवरूप एमडी पकडल्याचे जाहीर केले. बाप देशी पितो आणि पोरगा पुडी हुंगतो, अशी घरे आता आपल्या वस्त्यांतही आहेत. तेव्हा हा प्रश्न एका पिढीचा राहिलेला नाही.

आता त्या बाईकडे वळू. तिचा दिवस कसा जातो ते मी तिला विचारले. सकाळी मालक उठत नाहीत तेव्हा ती मुकादमाला फोन करते, 'ताप आलाय'. दुकानदाराची उधारी ती भरते. रात्री ते गटारीपाशी पडले तर मोठ्या मुलाला घेऊन उचलून आणते, म्हणजे सकाळी लोकांनी बघायला नको. सासूला सांगत नाही, माहेरी सांगत नाही. पगाराच्या दिवशी गेटवर उभी राहते. बाहेर पिऊन भांडण नको म्हणून कधी कधी स्वतःच क्वार्टर आणून देते. हे सगळे ती जीव आहे म्हणून करते. पण नीट पाहिले तर यातील प्रत्येक कामाचा फायदा दारूला होतो. नोकरी टिकते म्हणून पगार येतो, पगारातून दारू येते. उधारी फिटते म्हणून नवी उधारी मिळते. लाज झाकली जाते म्हणून शुद्धीवर आल्यावर माणसाला आपले काय झाले आहे ते दिसतच नाही. प्रेम करता करता ती नकळत व्यसनाची चाकरी करू लागते. हा तिचा दोष नाही. तिला दुसरे काही करता येते हे कोणी सांगितलेलेच नाही.

हे सांगणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. पुण्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी ते केंद्र उभे केले. सुनंदाताई १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या, अवचट २०२२ मध्ये गेले, पण काम चालू आहे. त्या केंद्राने एक गोष्ट ओळखली. रुग्ण एकटा येत नाही, त्याच्या मागे एक आजारी पडलेले घर येते. म्हणून त्यांनी रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालवला. पुढे व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा विभागही काढला, कारण व्यसन बायकांनाही लागते आणि त्यांची लाज तर दुप्पट झाकली जाते.

परदेशातही हेच घडले. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्या माणसांनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ जन्मली. त्यातील बिल विल्सन यांची पत्नी लोईस हिने नवऱ्याची दारू सुटावी म्हणून अनेक वर्षे घालवली होती. ती सुटली तेव्हा तिच्या ध्यानात आले की नवरा बरा झाला, आपण मात्र आजारीच आहोत. १९५१ मध्ये तिने पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन सुरू केले. त्याची शिकवण थोडक्यात अशी की त्याच्या व्यसनाचे कारण तू नाहीस, त्याचे पिणे तुझ्या ताब्यात नाही आणि त्याला बरे करणेही तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात तू आहेस. वडप्याच्या त्या बाईला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. तिची सासू तिला दहा वर्षे सांगत होती, 'तू नीट असतीस तर तो प्यायला नसता'.

आता आपल्या घरातले बोलू. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातील सतरावी दारू न पिण्याची आहे. आपण ती पाठ म्हणतो. पण बाबासाहेबांचा दारूविषयीचा विचार एवढाच नव्हता. १९५१ च्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी सरकारी दारूबंदीला विरोध केला होता. महसूल बुडतो, घरोघर चोरटी दारू गाळली जाते आणि बायामुलेही तिच्याकडे ओढली जातात, असा त्यातील रोख होता. काही लोकांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. पोलिसांच्या दांडक्याने दारू सुटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून पाच वर्षांनी त्यांनी ती सोडण्याचे काम माणसाच्या स्वतःच्या निश्चयावर आणि त्या निश्चयाला साथ देणाऱ्या समुदायावर सोपवले. एकट्याने शील पाळणे अवघड म्हणून तर तिसरे सरण संघाचे आहे. आपण प्रतिज्ञा ठेवली आणि संघ विसरलो.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब स्त्रियांपुढे बोलले. नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, असा उपदेश त्यांनी केला. हा उपदेश मी लहानपणी आईकडून ऐकला तेव्हा मला तो कठोर वाटला होता. आज तसा वाटत नाही. बाबासाहेबांनी त्या बायांना नवरा सोडायला सांगितले नव्हते. त्यांनी एवढेच सांगितले की त्याच्या दारूची सेवा करू नका. त्याचे परिणाम त्याच्या ताटापर्यंत पोहोचू द्या. मुक्तांगणच्या आधी जवळजवळ साठ वर्षे आणि अल-अॅनॉनच्या आधी चोवीस वर्षे, अक्षरओळख नसलेल्या बायांना हे सांगितले गेले होते. मायेला अट घालता येते, हे सांगणारा तो पहिला वकील.

चळवळीने मात्र काय केले? पांघरूण घातले. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ मध्ये आले. नामदेव ढसाळांसारख्या मोठ्या कवीच्या आणि पँथरच्या नेत्याच्या घरात दारूने काय होते, ते त्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहिले. ढसाळांची कविता मोठीच आहे. दलित पँथरचे ऋण कोण नाकारील? पण एका बाईने आपले घर उघडे करून दाखवले तेव्हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. ज्या घरातून पुरुष चळवळीला जातो त्या घरातील बाईची जबाबदारी चळवळीवर आहे की नाही, असा तो प्रश्न होता. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी आपण त्याचे उत्तर देण्याचे टाळत आलो आहोत.

मी स्वतः तरी वेगळी कोठे आहे? जोडीदाराच्या परवानगीने लिहिते. माझे पती चळवळीतले. भाषणाला उभे राहिले की मैदान शांत व्हायचे. ते अकरा वर्षे पीत होते. दिवसा मी कोर्टात दुसऱ्या बायांना कलमे समजावून सांगत असे आणि संध्याकाळी फोनवर कार्यकर्त्यांना सांगत असे, 'साहेबांची तब्येत बरी नाही, आज सभेला येणार नाहीत'. वकील असूनही मी खोटी साक्ष देत होते, तीसुद्धा रोज. दोनदा उपचार झाले, दोनदा ते पुन्हा प्यायले. तिसऱ्या वेळी मी खोटे बोलणे थांबवले. ज्याने विचारले त्याला सांगितले, 'प्यायले आहेत म्हणून येणार नाहीत'. ते माझ्यावर संतापले, सहा महिने बोलले नाहीत. पण त्यानंतर ते स्वतःच्या पायांनी उपचाराला गेले. आज तीन वर्षे आणि काही महिने झाले. उद्याचे मी लिहून देत नाही, तेही देत नाहीत. आम्ही आजच्या दिवसापुरते बोलतो. माझ्या सत्यानेच त्यांची दारू सुटली असे मी म्हणणार नाही, कारण असेच करून ज्यांची सुटली नाही अशी घरेही मला माहीत आहेत. एवढे मात्र खरे की त्या दिवसापासून मी बरी होऊ लागले.

तेव्हा, ज्यांना सोडायचे नाही पण सोसायचेही नाही अशा भगिनींसाठी कायदा काय देऊ शकतो, ते येथे स्पष्ट सांगते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली दाद मागण्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. राहत्या घरातच राहण्याचा हक्क कलम १७ देते. मारहाण करू नये, असा संरक्षण आदेश कलम १८ खाली मिळतो. गरज पडल्यास त्यालाच काही काळ घराबाहेर ठेवण्याचा आदेश कलम १९ खाली होऊ शकतो. घरखर्चाची रक्कम कलम २० खाली मागता येते. पगार दारूत उडवून घराला उपाशी ठेवणे हाही आर्थिक छळच आहे. कलम १४ खाली न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. म्हणजे दारू सोडवणारा आदेश नसला तरी दारू आणि आपण यांच्यामध्ये एक रेघ ओढणारा आदेश आहे. अर्जाचे पैसे लागतील म्हणून घाबरू नका. स्त्रियांना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

पतीच्या उपचाराचाही हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगातून येणाऱ्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरले आहे. त्यामुळे सरकारी सेवेतून उपचार मागता येतो. त्याच कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. गाडी घेऊन येतो, उचलून नेतो, सहा महिने डांबून ठेवतो, असे सांगणाऱ्यांच्या हाती आपला माणूस देऊ नका. अमली पदार्थांच्या बाबतीत १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचे ६४ अ हे कलम ध्यानात ठेवा. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पोराला पोलीस नेतील या भीतीने त्याची पुडी लपवणाऱ्या आईला हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

दोन धोके सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोज पिणाऱ्याने अचानक दारू तोडली तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून खोलीत कोंडून दारू सोडवू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. दुसरे असे की 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतीभिंतीवर रंगवलेल्या असतात. चहातून किंवा भाजीतून गुपचूप पावडर देणे जिवावर बेतू शकते. त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नसते आणि काही औषधे पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो. शिवाय ज्या घरात जेवणावरचा विश्वास उडाला त्या घरात बरे तरी कोण होणार? केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हा फोन क्रमांक मोफत आहे. मानसिक आधारासाठी १४४१६ आणि मार होत असेल तर महिलांसाठी १८१.

बाटली आडवी करण्याचा मार्गही आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घेता येते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवान्याचे दुकान बंद होते. हे हत्यार जरूर वापरावे. पण ते कोठपर्यंत पोहोचते तेही ओळखावे. चंद्रपूरच्या बायांनी लढून १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आणली, २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती बहुतेक गरीब वस्तीतली होती. दुकान बंद केले आणि उपचार दिला नाही, तर पिणारा हातभट्टीकडे जातो. म्हणून बंदीच्या मागणीबरोबर खाटांची मागणी झाली पाहिजे. १४ हजार कोटींच्या वाढीव महसुलातील ठरावीक हिस्सा प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा, औषधे आणि समुपदेशक यांवर खर्च झाला पाहिजे. गोडाऊनच्या मालकांनी आणि ठेकेदारांनी उपचारासाठी रजा दिली पाहिजे आणि परत आल्यावर कामावर घेतले पाहिजे. ज्या पट्ट्यावर हजारो कोटींचा माल हलतो तेथे ही मागणी मोठी नाही.

राहिली आपली जबाबदारी. वडप्यापासून नागपूरपर्यंत प्रत्येक वस्तीत विहार आहे. रविवारची वंदना झाल्यावर विहारात तासभर या बायांची बैठक का होऊ नये? तेथे कोणी उपदेश करायचा नाही, फक्त एकमेकींचे ऐकायचे. दुसऱ्या दिवशी पिणे सोडू पाहणाऱ्या पुरुषांची बैठक का होऊ नये? त्याला पैसा लागत नाही, एक सतरंजी आणि बाहेर न बोलण्याचा शब्द लागतो. जो पुन्हा प्यायला त्याला हाकलायचे नाही, कारण पुन्हा घसरणे हा या आजाराच्याच वाटेतला खड्डा आहे. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली तर आपण रुग्णाला जातीबाहेर काढतो काय? पण त्याच वेळी त्याला व्यासपीठावरची खुर्चीही द्यायची नाही. जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्याला भीमसैनिक म्हणायचे नाही. आजाऱ्याला माया द्यावी, आजाराला मान देऊ नये. एवढा फरक आपण शिकलो तर बायकांच्या खांद्यावरचे अर्धे ओझे उतरेल.

काही पुरोगामी मंडळी म्हणतील, अशा नवऱ्याला बाईने सोडूनच द्यावे. ज्या घरात जिवाला धोका आहे तेथून बाईने आजच निघावे, त्यात दुमत नाही. वाट पाहता पाहता बायका मेल्या आहेत. निघून गेलेल्या बाईला 'टाकून गेली' म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. पण जी थांबते तिला अडाणी, गुलाम म्हणण्याचाही अधिकार कोणाला नाही. तिने तो माणूस शुद्धीवर असताना पाहिलेला असतो. पोरीला खांद्यावर घेऊन चैत्यभूमीच्या रांगेत रात्रभर उभा राहिलेला, पहिल्या पगारात तिला साडी आणणारा. ती ज्याची वाट पाहते तो माणूस काल्पनिक नाही, दारूखाली दबलेला आहे. आशा करणे हा तिचा हक्क आहे. पण त्या आशेचे सगळे ओझे तिने एकटीने का वाहायचे?

त्या दिवशी मी तिला सांगितले की असा अर्ज कोर्टात होत नाही. दुसरा एक अर्ज होतो, तो मी लिहून देते. मारहाण थांबावी, घर तुझे राहावे आणि पगारातील घरखर्च तुझ्या खात्यात यावा, यासाठी. त्यांना माझ्या पतीचा फोन नंबर दे. वाटले तर ते फोन करतील, नाही वाटले तर नाही करणार. आणि उद्या सकाळी मुकादमाला 'ताप आलाय' म्हणून सांगू नकोस. तिने विचारले, "नोकरी गेली तर?" मी म्हणाले, जाऊ शकते. हे मला तिच्यापासून लपवता आले नाही. ती उठली, भांडी घासणाऱ्या बायांत जाऊन बसली. तिने अजून अर्जावर सही केलेली नाही. तिच्या मालकांनी मात्र मागच्या आठवड्यात एकदा फोन केला होता. बोलले काही नाहीत. पतींनी 'जय भीम' म्हटले, तिकडून 'जय भीम' आले आणि फोन बंद झाला.

आम्ही त्या फोनची पुन्हा वाट पाहतो आहोत. तोपर्यंत तुमच्या वस्तीत पुढची पत्रिका छापायची वेळ आली, तर 'अल्पशा आजाराने' हे शब्द लिहिण्याआधी जरा थांबा. त्याच मंडपात कोणीतरी बाई बसलेली असेल. तिच्या मालकांना अजून वाचवता येईल.